धर्मग्रामाचा क्लब आणि त्याचें मैदान

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाचा पाया कोणत्या सालीं घातला गेला, घंटा कोणाच्या देणगीनें आली, वेदी कोणीं करविली आणि धर्मग्रामाची धुरा कोणकोणत्या धर्मगुरूंनीं वाहिली, हें सांगण्याची वहिवाट आहे. आणि ती योग्यच आहे. या पुस्तिकेच्या इतर पानांवर तें सर्व वाचकांस मिळेलच. आमच्या वांट्यास संपादक मंडळीनें "कांहीं तरी ऐतिहासिक" असें मोघम काम दिलें, तेव्हां आम्हीं देवळाच्या भिंतींबाहेरचा एक विषय पत्करला. धर्मग्रामांतील तरुणांचा क्रीडा-क्लब आणि त्यास लागणारी मोकळी जमीन, हा तो विषय.

ज्युबिलीच्या पुस्तिकेस हा विषय हलका आहे असें कोणी म्हणेल. परंतु आम्ही जे जे धर्मग्राम पाहिले, त्यांपैकीं बहुतेकांत तरुण मंडळींनीं क्लब काढला, सेक्रेटरी नेमला, वर्गणी जमविली, रंगीत अंगरखेही शिवून घेतले, आणि मग खेळावयाचें कोठें, या एका प्रश्नापाशीं सर्व गाडें अडलें. भातशेतें कापणीनंतर चार महिने मिळत, तीं आतां बंगल्यांखालीं गेलीं. देवळापुढील आवार मिळतें, पण तेथें लग्नाचा मांडव पडला, सणाचा मंडप पडला, कीं खेळ बंद. शिवाय चेंडू रंगीत कांचेवर जाण्याची धास्ती धर्मगुरूंस असते ती वेगळीच. तेव्हां हा विषय हलका नाहीं. जमिनीची गोष्ट कोठेंच हलकी नसते.

या विषयाचा जो इतिहास आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटला, तो आपल्या देशाचा नसून स्कॉटलंडचा आहे. तेथील दोन फुटबॉल-क्लब आज जगभर नांवाजलेले आहेत. पण ते मूळचे धर्मग्रामाचे क्लब होते, एक एका धर्मगुरूनें काढलेला व दुसरा एका मारिस्ट ब्रदरनें, हें आपल्याकडील फुटबॉलवेड्या मुलांसही ठाऊक नसतें. त्यांस सामन्यांचे आंकडे तोंडपाठ असतात. त्या आंकड्यांखालीं कोणती जमीन आहे तें मात्र ठाऊक नसतें.

आयर्लंडांत १८४५ पासून पुढें चार-पांच वर्षें बटाट्याचें पीक कुजलें आणि त्या दुष्काळानें लाखों लोक देशोधडीस लागले. समुद्र ओलांडून कांहीं अमेरिकेस गेले, कांहीं जवळच्या स्कॉटलंडांत गेले. एडिंबरा शहराच्या काउगेट नांवाच्या खोलगट, अंधाऱ्या रस्त्यावर त्यांची एवढी दाटी झाली कीं त्या भागास लोक छोटें आयर्लंडच म्हणत. तेथें संत पॅट्रिकच्या देवळांत कॅनन एडवर्ड हॅनन हे धर्मगुरू होते. हेही मूळचे आयर्लंडांतील लिमरिक परगण्याचे. तरुणांनीं दारूच्या गुत्त्यांत न जातां वाचन, व्याख्यान व व्यायाम यांत संध्याकाळ घालवावी म्हणून ते कॅथॉलिक तरुणांची एक संस्था चालवीत. तीमधूनच १८७५ सालीं हायबर्नियन क्लब निघाला. मायकेल व्हीलन हा तरुण पहिला कप्तान झाला. सभासद हा धर्माचरण करणारा कॅथॉलिक असला पाहिजे व त्यानें मद्याला शिवतां कामा नये, असा नियम होता.

प्रारंभींच आडकाठी आली. स्कॉटिश फुटबॉल असोसिएशननें या क्लबास सभासद करून घेण्याचें नाकारलें. असोसिएशन स्कॉच लोकांकरितां आहे, आयरिश लोकांकरितां नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता. एडिंबऱ्याच्या संघटनेनेंही आपल्या क्लबांस यांच्याशीं खेळूं नका असें बजाविलें. तरी १८७५ च्या नाताळच्या दिवशीं हार्ट ऑफ मिडलोथियन हा शेजारचा क्लब यांच्याशीं खेळला आणि एका गोलनें जिंकला. बंदी कांहीं काळानें उठली. एवढें होऊनही मैदान कोठें होतें? खेळ चाले तो मेडोज नामक सार्वजनिक बागेंत, जेथें दुसरेही कित्येक क्लब तेंच गवत तुडवीत असत. पुढें मेफील्ड, मग पावडरहॉल, पुन्हा मेफील्ड, असें बिऱ्हाड पाठीवर घेऊन हा क्लब पांच वर्षें हिंडला. १८८० मध्यें ईस्टर रोड भागांत भाडेपट्ट्यानें जागा मिळाली, तिला हायबर्नियन पार्क हें नांव दिलें. तेथें मुलें स्थिरावलीं, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत त्यांनीं डंबार्टनचा दोन गोल विरुद्ध एक असा पराभव करून स्कॉटिश कप जिंकला. ज्यांस बारा वर्षांपूर्वीं खेळांत घेण्यासही असोसिएशन तयार नव्हती, त्यांच्याच हातीं तिचा चषक गेला.

अंतिम सामना ग्लासगो येथें झाला होता. विजयी खेळाडूंचा सत्कार त्या शहराच्या पूर्व भागांतील संत मरियेच्या देवळाच्या हॉलमध्यें करण्यांत आला. तेथें भाषणें झालीं, टाळ्या झाल्या, आणि एडिंबऱ्याच्या सेक्रेटरीनें ग्लासगोच्या लोकांस सुचविलें कीं तुम्हींही असा क्लब कां काढीत नाहीं? श्रोत्यांमध्यें ज्यांनीं ही सूचना मनावर घेतली त्यांत ब्रदर वॉलफ्रिड हे मुख्य होत.

ब्रदर वॉलफ्रिड यांचें पूर्वाश्रमींचें नांव अँड्र्यू केरिन्स. जन्म १८४० सालीं स्लायगो परगण्यांतील बॅलिमोटजवळ झाला. तरुणपणीं कामधंद्याकरितां ते ग्लासगोस आले, पुढें मारिस्ट बंधूंच्या संघांत शिरले, आणि ब्रिजटन भागांतील पवित्र हृदयाच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांच्यापुढें जो प्रश्न होता तो खेळाचा नव्हताच. तो भुकेचा होता. वर्गांत बसणाऱ्या मुलांच्या पोटांत कांहीं नसे, आणि उपाशी मूल एक तर शाळेंत येत नाहीं, किंवा आलें तरी त्याचें लक्ष फळ्यावर राहत नाहीं, हें कोणत्याही शिक्षकास सांगावें लागत नाहीं. म्हणून संत विन्सेंट दि पॉल सोसायटीच्या साहाय्यानें त्यांनीं "गरीब मुलांचें जेवणाचें टेबल" सुरू केलें. त्याची व्यवस्था मोठी शहाणपणाची होती. एका पेनीस जेवण मिळे. आईबापांनीं पाव घरून दिला तर अर्ध्या पेनीस मोठा वाडगाभर सूप मिळे. ज्यांस तेंही देणें शक्य नसे त्यांस फुकट. दान घेतों आहोंत ही लाज मुलांस वाटूं नये, म्हणून ती एक पेनी ठेवली होती असें आम्हांस वाटतें. या कामास पैसा लागे आणि तो कधींच पुरत नसे. फुटबॉलच्या सामन्यास माणसें पैसे देऊन येतात, हें ब्रदरनीं पाहिलें होतें.

६ नोव्हेंबर १८८७ रोजीं त्याच संत मरियेच्या हॉलांत सभा भरली आणि सेल्टिक क्लबाची स्थापना झाली. आतां लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्या दिवशीं क्लबापाशीं एकही खेळाडू नव्हता. पण आठवड्याच्या आंत, १३ नोव्हेंबर रोजीं, पार्कहेड भागांत जेनफील्ड दफनभूमीला लागून सहा एकर जमीन भाड्यानें घेण्यांत आली. भाडें वर्षाला ५० पौंड. आधीं जमीन, मग खेळाडू. आपल्याकडील तरुण मंडळी आधीं कप्तान कोण यावरून भांडतात आणि जमिनीचा विचार शेवटीं करतात. त्यांनीं हा अनुक्रम पहावा.

पुढें सहा महिने त्या जमिनीवर जें काम चाललें तें मजुरी देऊन करून घेतलेलें नव्हतें. गिरण्यांत, गोद्यांत व बांधकामांवर राबणारे धर्मग्रामांतील पुरुष फावल्या वेळांत फावडीं घेऊन येत. त्यांनीं ११० यार्ड लांब व ६६ यार्ड रुंद असें मैदान सपाट केलें, तीन बाजूंस मातीचे उतार रचले, आणि सुमारें हजार माणसें बसतील असा एक उघडा मांच बांधला. जॉन ग्लास नांवाचे एक बांधकामाचे धंदेवाले गृहस्थ होते, ते या खटपटींत पुढें असत. १८८८ च्या जानेवारींत वर्गणीकरितां पत्रक निघालें. त्यांत संत मरिया, पवित्र हृदय व संत मायकेल या तीन मिशनांतील गरजू मुलांच्या जेवणाच्या टेबलांस पैसा पुरविणें हा मुख्य हेतु स्पष्ट लिहिला होता. वर्गणीदारांच्या यादींत आर्चबिशप चार्ल्स आयर यांचें नांव अग्रभागीं होतें. ८ मे १८८८ रोजीं मैदान उघडलें. पहिला सामना हायबर्नियन व काउलेअर्स या पाहुण्यांचा झाला. त्याच महिन्याच्या २८ तारखेस सेल्टिकचा स्वतःचा पहिला सामना रेंजर्स क्लबाशीं झाला आणि सेल्टिकनें तो पांच विरुद्ध दोन असा जिंकला.

येथें एक कटु गोष्ट सांगणें भाग आहे. सेल्टिकचा हा जलद उत्कर्ष कांहीं अंशीं वडील भावाच्या जिवावर झाला. ज्यांनीं ग्लासगोच्या मंडळीस सल्ला दिला, मैदानाचें उद्घाटन करून दिलें, त्या हायबर्नियनचेच नामांकित खेळाडू १८८८ मध्यें सेल्टिकनें आपल्याकडे ओढून घेतले. त्या वेळीं खेळाडूंस उघड पगार देणें स्कॉटलंडांत नियमबाह्य होतें, तेव्हां हे खेळाडू केवळ ग्लासगोच्या हवेकरितां गेले असें कोणी मानीत नसे. हायबर्नियनला तो घाव बसला तो बसलाच. पुढें १८९१ सालीं दोन आघात जोडून आले: जूनमध्यें कॅनन हॅनन यांचें निधन झालें, आणि हायबर्नियन पार्कचा पट्टा संपून ती जागा घरें बांधण्याकरितां गेली. क्लब बंद पडला. ज्या जागेवर चषक जिंकणारीं मुलें तयार झालीं तेथें इमारती उभ्या राहिल्या. जमीन दुसऱ्याची असली म्हणजे कीर्ति भाडेकरूची आणि निर्णय मालकाचा, हें तेथें सर्वांस कळून चुकलें.

ग्लासगोसही मालक होताच. पहिल्या तीन-चार वर्षांत सेल्टिकच्या सामन्यांस जी गर्दी लोटूं लागली ती त्यास दिसत होती. पडीक जमीन धर्मग्रामाच्या माणसांनीं घाम गाळून सपाट केली, बसावयास मांच बांधला, आणि त्या सुधारलेल्या जमिनीचें भाडें मालकानें ५० पौंडांवरून ४५० पौंडांवर नेलें. एकदम नऊपट! आयरिश कुळांस ही रीत नवीन नव्हती. आयर्लंडांत शेत सुधारलें, चर खणले, दगड काढले, कीं जमीनदार खंड वाढवीत असे, म्हणून शेत न सुधारलेलेंच बरें, असें कूळ म्हणे. कोंकणांतील व वसईकडील वडीलधाऱ्या मंडळीस खोताच्या व सावकाराच्या गोष्टी ठाऊक आहेत. त्यांस याचा अर्थ फोडून सांगण्याची जरुरी नाहीं.

समितीनें वाढीव भाडें दिलें नाहीं. रस्त्याच्या पलीकडे विटांची एक जुनी खाण होती. वर्षानुवर्षें माती काढल्यामुळें तेथें प्रचंड खड्डा पडला होता, कांहीं ठिकाणीं ४० फूट खोल, आणि तो अर्धा पाण्यानें भरलेला. ती जागा त्यांनीं घेतली. तो खड्डा बुजविण्यास १,००,००० गाड्या भराव लागला असें सांगतात. पुन्हा तीच माणसें, पुन्हा तींच फावडीं. पहिली जागा सोडली ती दफनभूमीला लागून होती. तेव्हां कोणी वृत्तपत्रकर्त्यानें विनोदानें म्हटलें कीं क्लब थडग्यांतून निघून नंदनवनांत गेला. त्यावरून त्या मैदानास "पॅराडाइज" हें नांव जें पडलें तें आजतागायत चालत आहे.

नव्या मैदानांत हरळीचा पहिला तुकडा बसविण्याकरितां १९ मार्च १८९२ रोजीं मायकेल डॅव्हिट यांस बोलाविलें होतें. हे गृहस्थ कोण, हें जाणल्याशिवाय त्या दिवसाचें महत्त्व कळत नाहीं. डॅव्हिट यांचें कुटुंब ते लहान असतां थकलेल्या खंडाकरितां घरांतून हुसकलें गेलें होतें. इंग्लंडांत कापडाच्या गिरणींत काम करीत असतां, अकराव्या वर्षीं, त्यांचा उजवा हात यंत्रांत सांपडून गेला. पुढें राजकीय गुन्ह्याकरितां त्यांनीं कित्येक वर्षें तुरुंग भोगला, आणि सुटून आल्यावर १८७९ मध्यें आयर्लंडची लँड लीग उभारली, जिनें अवाजवी खंडाविरुद्ध कुळांस संघटित केलें. नऊपट भाड्यामुळें जागा सोडावी लागलेल्या क्लबानें नव्या जागेचा आरंभ या एकहाती पुरुषाकडून करविला, यांत योगायोग नव्हता, असें आम्ही समजतों. हरळीचा तो तुकडा डोनेगल परगण्यांतून आणिला होता व त्यांत शॅमरॉक उगवलेला होता. त्या त्रिदळी पानावरून संत पॅट्रिक यांनीं पवित्र त्रैक्याचें रहस्य समजाविलें अशी परंपरा आहे. मात्र ही मौजही नमूद केली पाहिजे कीं थोड्याच दिवसांत तो तुकडा कोणीं तरी चोरून नेला.

त्याच वर्षाच्या एप्रिलांत सेल्टिकनें प्रथमच स्कॉटिश कप जिंकला, आणि ऑगस्टमध्यें नव्या मैदानावर रेंटन क्लबाशीं पहिला सामना झाला. मैदानाभोंवतीं धांवण्याचा व सायकलींचा मार्ग होता, आणि १८९७ मध्यें सायकल-शर्यतींच्या जागतिक स्पर्धा तेथें झाल्या. हायबर्नियनचे लोकही स्वस्थ बसले नव्हते. १८९२-९३ मध्यें त्यांनीं क्लब पुन्हा उभा केला आणि जुन्या जागेपासून जवळच, ईस्टर रोड येथें, नवें मैदान भाड्यानें घेतलें. तेथेंच तो क्लब आज आहे. मात्र नव्यानें उभारतांना केवळ कॅथॉलिकच सभासद हा जुना नियम त्यांनीं काढून टाकला. सेल्टिकनें असा नियम कधींच केला नव्हता. १८९० नंतरच्या दशकांत प्रॉटेस्टंट खेळाडूंची संख्या ठराविक ठेवावी अशी सूचना आली असतां ती सभेनें फेटाळली.

हा भाग वाचून आमच्या मनांत मुंबईचें चित्र उभें राहतें, कारण त्याच वर्षांत आपल्या राजधानींतही मैदानाचा एक तंटा रंगला होता. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडवर, ज्याचा मोठा भाग आज आझाद मैदान म्हणून ओळखला जातो, पारशी तरुण पूर्वींपासून क्रिकेट खेळत. त्यांचा ओरिएंटल क्लब १८४८ मधला. १८७५ मध्यें त्याच भागांत युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. युरोपियन साहेबलोकांचे पोलोचे घोडे एतद्देशीयांच्या खेळपट्ट्यांवरून दौडूं लागले, आणि टापांनीं उखडलेल्या जमिनीवर क्रिकेट खेळणें अशक्य झालें. १८८१ च्या सुमारास खेळाडूंनीं सरकाराकडे अर्ज केला. एकदां पोलो हलविण्याचा हुकूम झाला, आणि मग पोलोवाल्यांच्या तक्रारीवरून तो फिरविण्यांतही आला. शापुरजी सोराबजी या गृहस्थांनीं या सर्व झगड्याची हकीकत १८९७ मध्यें पुस्तकरूपानें छापून ठेविली, म्हणून ती आपणांस कळते. आपल्या धर्मग्रामांतील सेक्रेटरींनीं मिनिट-बुकें व पत्रव्यवहार जपून ठेवावा, हें येथें ओघानें सुचवून ठेवतों.

त्या तंट्याचा शेवट असा झाला कीं सरकारानें समुद्रकांठच्या भराव घातलेल्या जमिनीवर निरनिराळ्या समाजांस वेगवेगळीं मैदानें दिलीं. पारशी जिमखाना १८८५ चा, इस्लाम जिमखाना १८९२ चा, हिंदु जिमखाना १८९४ चा. आणि मरीन ड्राइव्हच्या त्याच ओळींत आज आपला कॅथॉलिक जिमखानाही आहे. मैदान मिळालें ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु जमीन जातवारीनें वांटली गेल्यावर खेळही जातवारीनें वांटला गेला: युरोपियन व पारशी यांचे सामने होतेच, १९०७ मध्यें हिंदु आले, १९१२ मध्यें मुसलमान आले, आणि १९३७ पासून पांचवा संघ आला. या पांचव्या संघांत हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू इत्यादि जे कोणत्याच खान्यांत बसत नव्हते ते सारे घातले होते, आणि त्याचें नांव होतें "दि रेस्ट". उरलेसुरले! गांधीजींनीं या जातवार सामन्यांस १९४० मध्यें विरोध दर्शविला आणि १९४६ मध्यें ते बंद पडले, यांत आमच्या मतें कांहीं नुकसान झालें नाहीं.

तरी त्या उरल्यासुरल्यांच्या संघाची एक आठवण आपल्या समाजानें जतन करण्यासारखी आहे. डिसेंबर १९४३ मध्यें ब्रेबोर्न स्टेडियमवर अंतिम सामना हिंदूंशीं झाला. हिंदूंनीं पांच गड्यांत ५८१ धावा करून डाव सोडला. विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० त्यांत होत्या. रेस्टचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावांत ३८७ झाल्या, आणि त्यांपैकीं ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. सांगलीचा हा मराठी ख्रिस्ती तरुण प्रॉटेस्टंट पंथाचा, पण त्या दिवशीं पंथ कोण विचारतो? त्यांचे धाकटे बंधु विवेक एका बाजूस ठाण मांडून उभे राहिले. दोघां भावांच्या ३०० धावांच्या भागींत धाकट्याच्या वांट्यास अवघ्या २१ होत्या. सामना हरला तो हरलाच. पण घरीं थोरल्यानें कमवावें व धाकट्यानें दार धरून बसावें, तसा तो प्रकार होता.

असो. ग्लासगोची कथा अजून पुरी झालेली नाहीं, आणि जो भाग उरला आहे त्याकरितांच हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों.

भाड्याच्या जागेवर पुन्हा विसंबावयाचें नाहीं, असें सेल्टिकच्या व्यवहारी मंडळीच्या मनानें घेतलें. मैदान विकत घ्यावयाचें तर मोठें भांडवल हवें. भांडवल उभें करावयाचें तर वर्गणीदारांच्या समितीऐवजीं रीतसर कंपनी हवी. हा वाद कित्येक वर्षें चालला. एका पक्षाचें म्हणणें, क्लब धर्मादायाकरितां निघाला, तो कांहीं थोड्या भागीदारांच्या मालकीचा होतां कामा नये. दुसऱ्याचें म्हणणें, स्वतःची जमीन नसेल तर क्लबच राहणार नाहीं, मग धर्मादाय कोठून करणार? दोन्ही म्हणणीं खोटीं नव्हतीं, म्हणूनच वाद कडू झाला. १८९७ मध्यें त्याच संत मरियेच्या हॉलांत मतें घेऊन क्लबाची मर्यादित कंपनी करण्यांत आली, आणि सुमारें १०,००० पौंड देऊन मैदान विकत घेण्यांत आलें. दहा वर्षांपूर्वीं ज्या मंडळीनें ५० पौंड भाड्यानें दफनभूमीशेजारचें पडीक रान घेतलें, ती आतां जमीनदार झाली. आणि याच वर्षांत मुलांच्या जेवणाच्या टेबलांकडे वाहणारा पैशाचा झरा आटला. भागीदारांस लाभांश मिळूं लागला. ज्या मुलांच्या नांवानें पहिलें पत्रक काढलें होतें, त्यांच्या सुपाच्या वाडग्याची तजवीज पुन्हा संत विन्सेंटच्या बंधूंवर येऊन पडली.

याचा न्याय कसा करावा? आम्ही सेमिनरींत असतां नीतिशास्त्राच्या तासाला असे पेंच सोडविण्यास देत, आणि उत्तर दोन ओळींत मिळे. धर्मग्राम चालवूं लागल्यावर तशीं उत्तरें मिळेनाशीं झालीं. जमीन घेतली नसती तर हायबर्नियन पार्कप्रमाणें तेथेंही इमारती आल्या असत्या, हें उघड आहे. १९६७ मध्यें युरोपियन कप जिंकणारा पहिला ब्रिटिश क्लब हाच ठरला, आणि त्या संघांतील सारे खेळाडू ग्लासगो व आसपासच्या तीस मैलांच्या टापूंतले होते. त्या परिसरांतील मुलांपुढें हें मैदान होतें म्हणूनच तें घडलें. हें सर्व मान्य. तथापि जमीनखरेदीच्या त्याच ठरावांत टेबलाकरितां वर्षाला ठराविक रक्कम बाजूला काढण्याचें एक कलम कायमचें घालतां आलें असतें, असें आमचें स्पष्ट मत आहे. हिशेबनीस मंडळी म्हणतील, तोट्याच्या वर्षीं काय करावें? त्यांस आम्ही इतकेंच विचारूं कीं तोट्याच्या वर्षीं मुलांस भूक कमी लागते काय? आपल्याकडेही मैदानाकरितां वा हॉलकरितां निधि जमतो तेव्हां पावतीवर एक हेतु छापलेला असतो आणि खर्च दुसऱ्यावर होतो. देणारा आठ आणे देवो कीं आठ हजार, तो छापील शब्दावर विश्वासून देत असतो.

ब्रदर वॉलफ्रिड या मतदानाच्या वेळीं ग्लासगोंत नव्हते. १८९२ च्या ऑगस्टांत, नवें मैदान उघडलें त्याच महिन्यांत, वरिष्ठांनीं त्यांची बदली लंडनला केली. संघांत आज्ञापालनाचें व्रत असतें, ते गेले. त्यांचा हात असतां तर टेबल बंद पडलें नसतें, असें पुष्कळांनीं लिहिलें आहे, आणि आम्हांसही तें पटतें. पुढें १९१५ सालीं डम्फ्रीज गांवीं त्यांनीं देह ठेविला व तेथें मारिस्ट बंधूंच्या दफनभूमींत त्यांस मूठमाती मिळाली. सेल्टिकच्या मैदानाबाहेर त्यांचा पुतळा २००५ मध्यें उभारण्यांत आला. सामन्याच्या दिवशीं हजारों लोक त्यास वळसा घालून आंत जातात.

लंडनला गेल्यावर त्यांनीं काय केलें, तें थोडक्यांत सांगतों. शहराच्या पूर्व भागांत, बेथनल ग्रीन व बो या वस्त्यांत, पायांत जोडाही नसलेलीं मुलें त्यांनीं गोळा केलीं आणि त्यांचे फुटबॉलचे सामने भरविण्यास प्रारंभ केला. त्या वेळीं त्यांचें वय ५० च्या पुढें होतें.